कोरियन भाषेत वैतागायला शिकताना

दक्षिण कोरियातल्या देजॉनला येऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळची वेळ. प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा फ्रीझर अचानक कोकलायला लागला. दार कुणाकडून तरी नीट लागलं नव्हतं आणि आतलं तापमान चढत होतं. पाच जण धावत आले. पुढच्या मुलीने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "हॉल." एवढंच. तिच्या मागचा म्हणाला, "म्वॉया?" तिसऱ्याने कपाळाला हात लावला, "आ, चिन्च्चा!" चौथी माझ्याकडे वळून भराभर काहीतरी बोलली, त्यातलं "माल्दो आन द्वे" एवढंच माझ्या कानात राहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

माझ्याजवळ तेव्हा तीनच वाक्यं पाठ होती. आन्न्यॉङहासेयो, कामसाहाम्निदा, च्वेसोङहाम्निदा. नमस्कार, आभार, माफी. मी माफी मागितली. ती गोंधळली, कारण दार मी उघडं टाकलेलं नव्हतं.

त्या रात्री खोलीवर जाऊन मी ते चार शब्द जसे ऐकू आले तसे देवनागरीत एका छोट्या वहीत उतरवले. पुढची दोन वर्षं ती वही माझ्या कोटाच्या खिशात होती. चकित कसं व्हायचं, विश्वास बसत नाही हे कसं सांगायचं आणि वैताग कसा बोलून दाखवायचा, हे कोरियनमध्ये मी त्या वहीतून शिकले.

परदेशी संशोधकांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी भाषेचा वर्ग असायचा. शिकवणाऱ्या बाई फार मनापासून शिकवत. पण पाठ्यपुस्तकातल्या माणसांची बस कधी चुकत नाही. ती सफरचंदं विकत घेतात, वाढदिवसाला जातात, हवा छान आहे असं एकमेकांना सांगतात. पुढे मी टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पार केली, त्याला ३०० पैकी १२० गुण लागतात. तिथेही मला कुणी विचारलं नाही की फ्रीझर बंद पडल्यावर तुम्ही काय म्हणाल.

ते शिकवलं प्रयोगशाळेतल्या सगळ्यात धाकट्या मुलीने. एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू होतं तिचं. ती मला "ऑन्नी" म्हणायची, म्हणजे ताई. मी तिला इथे धाकटीच म्हणते. जेवणाच्या सुट्टीत मी वही पुढे सरकवायची आणि ती एकेक शब्द माझ्याकडून घोटून घ्यायची.

मराठी माणसाला इथे एक मोठं भांडवल आपसूक मिळालेलं असतं. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे आपल्याला वेगळे ऐकू येतात. माझ्या वर्गातल्या युरोपीय मुलांना त्यासाठी महिने घालवावे लागले. "चिन्च्चा" हा शब्द घ्या. अर्थ "खरंच". पहिला च हलका, ज कडे झुकलेला. दुसरा "कच्चा"तल्या च्च सारखा, पण त्याहून ताणलेला, जणू घसा क्षणभर आवळून सोडला. मला अडचण आली ती स्वरांची. "हॉल" म्हणजे आपल्या "बापरे!"सारखा उद्गार. तो म्हणताना ओठ गोल होऊ द्यायचे नाहीत, जबडा सैल सोडायचा. मी गोल ओठांनी म्हणायचे आणि धाकटी मान हलवायची. "ऑन्नी, शब्द म्हणू नकोस. श्वास सोड. तो जाताजाता शब्द होईल." हे तिने सांगितल्यावर मला पहिल्यांदा हॉल म्हणता आलं.

(वहीत मी द आणि त, क आणि ग यांचा घोळ घातलेला आहे, तो इथेही दिसेल. त्यांचा आवाज शब्दाच्या सुरुवातीला एकीकडे झुकतो, मध्ये आला की दुसरीकडे. मी माझ्या कानाला विचारून लिहिलं.)

एकट्या चिन्च्चाची आम्ही चार पानं भरली. स्वर चढवला की "खरंच?" सपाट ठेवला की "खरंच सांगतेय". खाली ओढत नेला, चिन्च्चाऽऽ, की "काय हे!" आणि आधी "आ" लावून तोडला की "आता पुरे झालं". आपलं "काय" असंच आहे. काय? काय! काऽय हे. कागदावर तेच अक्षर, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला कळतं की आत काय शिजतंय.

"देबाक" मला आधीच माहीत होता. कोरियन मालिका पाहणाऱ्या पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींच्या तोंडी तो असायचा. मुळात घबाड, मोठं यश. लॉटरी लागली तरी देबाक आणि कुणाचा नवरा पळून गेला तरी देबाक. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने एकदम २६ कोरियन शब्द आत घेतले, त्यात हाही होता. तो कुठेही चालतो, म्हणून मला त्याची गोडी कमी.

जीव जडला तो "आनी"वर. पहिले काही महिने मला वाटायचं की ही मंडळी प्रत्येक तक्रारीची सुरुवात "आणि" ने करतात. आणि बस आलीच नाही. आणि तो मला म्हणतो काय. मला ते अगदी घरचं वाटायचं. मग कळलं की आनी म्हणजे "नाही". कुणी काही विचारलेलं नसतं, नाकारायचंही काही नसतं, तरी वैतागलेला कोरियन माणूस "नाही" म्हणूनच तोंड उघडतो. आनी, कुन्दे, चिन्च्चा. नाही, पण, खरंच. एवढी पायवाट चालून झाली की मूळ मुद्दा. त्यांच्यातच यावर चर्चा होते की आनी काढून घेतलं तर कुणाला भांडताच येणार नाही. आपण तरी काय वेगळं करतो? "नाही, मी काय म्हणते..." असं म्हणूनच माझी आत्या प्रत्येक वादाला हात घालते.

आणि "माल्दो आन द्वे". माल म्हणजे बोलणं. बोलणंसुद्धा होत नाही, असा सरळ अर्थ. प्रश्न केला की "ईगे मारी द्वे?" हे बोलणं होतं का? मी वहीत त्याच्यापुढे लिहिलं, "हे काय बोलणं झालं?" आणि पेन खाली ठेवलं. इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना हा शब्दप्रयोग समजावून घ्यावा लागला. मला तो ऐकताक्षणी आईच्या आवाजात ऐकू आला.

शब्द जमायला लागले तशी मी ते वापरायला लागले, आणि तिथेच पहिला धक्का बसला. सोमवारची बैठक. प्राध्यापकांनी सांगितलं की अहवाल महिनाअखेरीस नाही, याच शुक्रवारी द्यायचा आहे. माझ्या तोंडून स्पष्ट, खणखणीत, उत्तम उच्चारांत "हॉल" निघालं. टेबलाभोवतीची सगळी डोकी खाली झाली. प्राध्यापकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा मुद्दा घेतला. ते रागावले नाहीत, पण खोलीतली हवा बदलली हे मला कळलं आणि कान तापले.

धाकटीने संध्याकाळी बसवून समजावलं. कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवट ठरतो तो समोर कोण आहे त्यावर. बरोबरीच्यांशी, लहानांशी बोलायचं ते पानमाल. मोठ्यांशी, परक्यांशी बोलायचं ते चोन्देत्माल. चिन्च्चाला शेवटी "यो" लावून आदराचा करता येतो. त्याहून बरा "चॉङमाल्यो?" पण हॉलला यो लागत नाही. तो मैत्रीतच जन्मतो आणि तिथेच राहतो. आणि यो लावला म्हणजे सगळं भागतं असंही नाही. "माल्दो आन द्वेयो" हे महागाईबद्दल, हवामानाबद्दल, तिसऱ्या कुणाबद्दल खुशाल म्हणावं. पण समोरच्या मोठ्या माणसाने काही सांगितल्यावर म्हटलं तर अर्थ होतो, तुम्ही बोलताय त्याला बोलणं म्हणत नाहीत. मैत्रिणीला "चल, काहीतरीच!" म्हणणं आणि तेच मुख्याध्यापकांना म्हणणं, यातलं अंतर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त कोरियनमध्ये ते अंतर कुठून सुरू होतं ते माझ्या अंगात मुरलेलं नव्हतं. त्या दिवसापासून वहीत मी प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने पाडले: कोण म्हणालं, कुणाला म्हणालं.

त्यानंतर मी घाबरून गप्प झाले. दोन महिने फक्त ऐकत होते. आणि त्या गप्प बसण्यातून दुसरी, माझ्या दृष्टीने जास्त मोलाची गोष्ट कळली.

एकदा धाकटी कॉफी पिताना तिच्या खोलीतल्या जोडीदारणीबद्दल सांगत होती. ती मुलगी हिचा शाम्पू वापरते, हिचे कपडे घालते, विजेच्या बिलाचे पैसे मात्र देत नाही. मी लक्ष देऊन, एकही शब्द न निसटू देता ऐकत होते. मध्येच ती थांबली. "ऑन्नी, कंटाळा आला का तुला?" मी चकितच झाले. तेव्हा तिने मला "मात्चांगु" हा शब्द दिला. चांगु म्हणजे मधे बारीक, दोन्हीकडे पसरट असा ढोल. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना साथ देत तो वाजवतात, ते मात्चांगु. बोलण्यातही तेच. एकाने सांगायचं, दुसऱ्याने दर वाक्याला थाप द्यायची. थाप पडली नाही की सांगणाऱ्याचा हात थांबतो. आमच्या वाईला भजनात मागचे री ओढत नाहीत तोवर बुवा पुढचं कडवं घेत नाहीत, ते मला आठवलं.

तिने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि माझ्याकडून दर वाक्याला थाप देववून घेतली. शाम्पू संपला. चिन्च्चा? माझा नवा स्वेटर घालून गेली. हॉल. त्यावर डाग पाडून आणला. सेसांगे! (अगं बाई!) आणि बिलाचं विचारलं तर म्हणते, मी घरी असतेच कुठे. म्वॉया! (हे काय!) ऑई ऑप्सॉ! (आता काय बोलायचं!) धाकटीचा चेहरा खुलला. "ने मारी!" ती म्हणाली. माझंच बोलणं बोललीस. आपण "तेच तर म्हणतेय मी!" म्हणतो तसं.

मी हे शब्द "अविश्वासाचे" म्हणून वहीत एकत्र केले होते. पण त्या संध्याकाळी मी तिच्या प्रत्येक वाक्यावर विश्वास बसत नाही म्हणत होते आणि तिला कळत होतं की माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. शक्यच नाही, म्हणणारी मैत्रीण तिला हवी होती. लक्ष देऊन गप्प बसणारी नव्हे.

सगळेच शब्द असे साथीच्या थापेचे नसतात. "सॉल्मा" जपून वापरावा लागतो. असं नसेल ना, होणार नाही ना, असं मन मानायला तयार नसतं तेव्हाचा तो शब्द. गोष्ट पक्की कळली की त्याची वेळ संपली. त्यांची एक म्हण आहे, सॉल्मागा साराम चाम्नुन्दा: सॉल्माच माणसाचा घात करतो. आणि "आ शी" असं काही ऐकू आलं तर ते उचलू नका. तो शिवीचा उंबरठा आहे. धाकटीने मला तो समजावून सांगायलाही नकार दिला.

"ऑई ऑप्सॉ"ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात मी फार गुंतले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक आजी राहायच्या. हाल्मॉनी म्हणायचे मी त्यांना. त्यांच्या अंगणात लसणीच्या पातीच्या कुंड्यांमध्ये दोन दगडी तळ्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच खाली बसले. जातं! वरच्या तळीला धान्य घालायचं भोक, कडेला खुंट्याची खाच. सोयाबीन भिजवून तोफूसाठी त्यावर वाटायचे. त्याला ते मेत्तोल म्हणतात. खाच रिकामी होती. मी नकळत हात तिकडे नेला आणि हवेत फिरवला, तसं धाकटी म्हणाली, "बघ, हेच ऑई ऑप्सॉ! ऑई म्हणजे तो खुंटा. ऑप्सॉ म्हणजे नाही." धान्य निवडून, भिजवून सगळी तयारी करून दळायला बसावं आणि खुंटाच नसावा. हात थांबतो, राग यायलाही सुचत नाही. २०१५ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटात खलनायकाच्या तोंडी हीच व्युत्पत्ती आहे, त्यामुळे ती घरोघरी पोचली.

मला ती इतकी पटली की मी आईला फोन करून सांगितली. आजीच्या घरचं जातं, पहाटेच्या ओव्या, सगळं बोलून झालं. मग काही महिन्यांनी कोशात शोधायला गेले. जात्याच्या खुंट्याला कोशात मेत्सोन असा वेगळाच शब्द आहे. ऑई हा ऑछॉगुनी या शब्दाचा सोबती, आणि ऑछॉगुनीचा अर्थ दिलाय कल्पनेबाहेर प्रचंड असा माणूस किंवा वस्तू. कुणी सांगतात की राजवाड्यांच्या छपरांच्या कडेला ओळीने बसवलेल्या मातीच्या राखणदार आकृती म्हणजे ऑछॉगुनी; सोलच्या क्यॉङबोकगुङ राजवाड्यावर त्या मी मान वर करून पाहून आले. खुंट्याला मात्र आधार नाही. मला खरोखर वाईट वाटलं. पण शब्दाचा भाव मला कोशाने नाही, त्या रिकाम्या खाचेने शिकवला, आणि अजून मी तो म्हणते तेव्हा माझा हात तिथेच जातो. ऑई ऑप्सॉ म्हणताना लोक पुष्कळदा नाकातून छोटंसं हसतात. त्या कोरड्या हसण्यालाही नाव आहे, हॉदुसुम. रिकामं हसू.

त्याच्या जवळचा "कीगा माख्यॉ". की म्हणजे शरीरातला प्राण, वारा. माख्यॉ म्हणजे अडला. हा मात्र उत्तम जेवणालाही लागतो. हाल्मॉनी स्वतःच्याच किमचीला कीगा माख्यॉ म्हणायच्या.

आता रताळं. कोरियन माणूस दिवसातून किती वेळा "ताप्ताफे" म्हणतो याची मोजदाद नाही. संगणक हळू चालतो, ताप्ताफे. समोरचा मुद्द्यावर येत नाही, ताप्ताफे. खोलीची खिडकी बंद आहे, ताप्ताफे. मराठीत मला एकच शब्द त्याच्या जवळ गेलेला दिसला, घुसमट. पण आपण घुसमट मोठ्या दुःखासाठी राखून ठेवतो, ते रोजच्या रांगेत वापरतात. म्हणताना मुठीने छातीवर हलकेच मारतात. आपल्याकडे ऊर बडवणं म्हणजे मोठा शोक. पहिल्यांदा हाल्मॉनींना तसं करताना पाहिलं तेव्हा मी धावत गेले होते. त्यांचा मुलगा फोन उचलत नव्हता, इतकंच.

या भावनेला तरुणांनी गेल्या काही वर्षांत नाव दिलंय कोगुमा, म्हणजे रताळं. मालिकेतली नायिका सगळं मुकाट सोसत राहिली की प्रेक्षक म्हणतात, कोगुमा. आणि शेवटी ती सणसणीत उत्तर देते तेव्हा म्हणतात, साइदा. साइदा म्हणजे लिंबाच्या चवीचा पारदर्शक सोडा. तिथला सगळ्यात प्रसिद्ध साइदा १९५० पासून मिळतो. रताळं घशात अडकतं, सोडा ते खाली उतरवतो. हे मला कुणी समजावलं नाही. एकादशीला उकडलेलं रताळं घाईने खाऊन पाण्यासाठी धावलेल्या प्रत्येक मराठी मुलाला ते आतून माहीत असतं. मूळचं अमेरिका खंडातलं हे कंद कोरियात १७६३ मध्ये चो ऑम या राजदूताने जपानच्या त्सुशिमा बेटावरून पाठवलं, दुष्काळात लोक तगावेत म्हणून. हिवाळ्यात देजॉनच्या रस्त्यावर पिंपात भाजलेल्या रताळ्यांचा वास आला की मला वाईची आषाढी आठवायची.

पण ताप्ताफेच्या तळाशी एक खरं दुखणं आहे, ते वगळून पुढे जाववत नाही. वर्षानुवर्षं राग गिळलेल्या, विशेषतः प्रौढ बायकांच्या छातीत जडपणा, जळजळ, धडधड होते. त्याला तिथे ह्वाब्यॉङ म्हणतात, आगीचा आजार. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या सूचीतही त्याची नोंद आहे. हाल्मॉनी एकदा सहज म्हणाल्या की सासूसमोर त्यांनी वीस वर्षं "ने" शिवाय शब्द काढला नाही. ने म्हणजे हो. त्यांच्या मुठीखालची छाती मला तेव्हा वेगळी दिसली.

त्यांचा स्वतःचा शब्द होता "आइगो". खाली बसताना आइगो, उठताना आइगो, कोबीचा भाव ऐकून आइगो, शेजारचं बाळ हसलं तर आइगो. माझ्या कानाला ते "आई गं" वाटायचं, आणि बहुतेक ठिकाणी त्या जागी आई गं चालूनही जायचं. तोच शब्द प्रेतासमोर रडतानाही म्हणतात. एकाच शब्दात एवढं मावतं, म्हणून मी तो फार दिवस वापरला नाही; पेलणार नाही असं वाटायचं.

देजॉन छुङछॉङ भागात येतं आणि तिथली माणसं संथ, आडवळणाने बोलणारी म्हणून देशभर ओळखली जातात. वाक्याच्या शेवटी यो ऐवजी लांबवलेला "यू". हॉल आणि देबाक त्यांच्या म्हाताऱ्यांना लागतच नाहीत. स्टेशनला जाताना मी टॅक्सीवाल्या काकांना दोनदा घड्याळ दाखवलं. त्यांनी गाडीचा वेग तसूभर वाढवला नाही. सिग्नलला थांबल्यावर आरशात बघून शांतपणे म्हणाले, "एवढी घाई होती तर कालच यायचं होतंत की." ही तिथली प्रसिद्ध ओळ आहे हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला सातारा जिल्ह्यातल्या एसटीत बसल्यासारखं वाटलं आणि सगळा वैताग ओसरला.

त्या वाक्यातल्या "की"मध्ये मला व्याकरण सापडलं. कोरियन क्रियापदाला "ने" (हा "हो"वाला ने नव्हे) लागला की अर्थ होतो, हे मला आत्ता कळतंय: अरे, पाऊस पडतोय की! "चाना" लागला की अर्थ होतो, हे तुला ठाऊक असायला हवं: सांगितलं होतं की! त्यांचे दोन प्रत्यय, आपला एक की. वैतागाचं निम्मं काम शब्द करत नाहीत, क्रियापदांचे हे शेवट करतात.

त्या सगळ्याची परीक्षा जानेवारीत झाली. माझ्या खोलीचा बॉयलर बंद पडला. कोरियन घरात जमिनीखालून गरम पाणी फिरतं, त्यावरच घर तापतं. बाहेर रात्री उणे नऊ. घरमालक तीन दिवस "उद्या" म्हणत होते. मी त्यांना आदराने, पण ठामपणे निरोप लिहायचं ठरवलं. "तांगह्वांग" हा शब्द मला माहीत होता: गडबडून जाणं, काय करावं ते न सुचणं. नम्रपणे तक्रार करणारे लोक "मी जरा तांगह्वांग झाले आहे" असं म्हणतात, म्हणजे दोष स्वतःच्या गोंधळाकडे राहतो आणि समोरच्याला वाट मिळते. मी लिहिलं "ह्वांगदांग". अक्षरं तीच, जागा उलटी. ह्वांगदांग म्हणजे बेताल, बिनबुडाचं. म्हणजे मी त्यांना लिहिलं होतं की तुमचं हे वागणं निव्वळ मूर्खपणाचं आहे. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला आणि आवाज चढलेला होता. धाकटीने निरोप वाचला, तोंडावर हात ठेवला आणि मग शांतपणे कागदावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून दाखवले. मी पुन्हा माफी मागितली. या वेळी ती माफी योग्य जागी होती.

चौथ्या संध्याकाळी घरमालक दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. आत येताच म्हणाले की तुम्ही बाहेर जाताना बॉयलर बंद केलात, म्हणून नळी गोठली, खर्च तुमचा. मी तो बंद केलेला नव्हता. बाहेर जाताना ठेवायची "वेछुल" नावाची खूण असते, तिच्यावरच ठेवला होता, आणि हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. वही कोटात होती, कोट खुंटीला होता. माझ्या तोंडून निघालं, "आनी, वेछुल्लो हे न्वात्चानायो. ईगे मारी द्वेयो?"

नाही, वेछुलवरच ठेवला होता की. हे काय बोलणं झालं?

मी ते जुळवलं नव्हतं. आनी आपोआप पुढे आलं, चाना जागेवर बसलं, आणि शेवटचा यो सुटला नाही. खोलीत क्षणभर शांतता झाली, पण बैठकीतल्यासारखी नव्हे. आवाज ऐकून वर आलेल्या हाल्मॉनी दारातून म्हणाल्या, "आइगो, छाम ना," आणि त्या दोन शब्दांनी बाजू कुणाची ते सांगून टाकलं. दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं, आतला जुनाट भाग बोटाने दाखवला, नळी गोठलेली नव्हती. घरमालक म्हणाले, "आ, कुरेयो." हो का. पैसे त्यांनी दिले. जाताना जिन्यात त्यांनी मला विचारलं की कोरियन कुठे शिकलीस.

जमीन तापायला तासभर लागला. मी पायमोजे काढून तिच्यावर बसले आणि आईला फोन लावला. चार दिवसांचं सगळं साचलेलं होतं. आईने "हॅलो" म्हणायच्या आत मी सुरुवात केली, "आनी..."

"आणि काय?" आई म्हणाली. "पुढे बोल की."